ठाणेवाली

नाचणगावच्या महारवाड्यात जयवंताला तोंडावर कोणी काही बोलत नसे, पण तिची पाठ वळली की तिचं नाव ठाणेवाली. बेचाळीसच्या चळवळीत ती आर्वीकडच्या एका ठाणेदाराच्या बंगल्यावर झाडलोट करायला होती, आणि त्याच साली तिकडची पोरं एकामागून एक धरली गेली. बातमी कोणी फोडली असेल हे लोकांनी मनाशी ठरवून टाकलं. तिच्या नवऱ्यानंही तेच ठरवलं. नागपूरच्या गिरणीत काम पाहतो म्हणून नत्थू गेला तो परतलाच नाही. मेल्याचा निरोप तेवढा आला. मग जयवंता माहेरी, नाचणगावला येऊन राहिली. तिचं ते नाव तिच्याआधीच तिथं पोचलं होतं.

खरी गोष्ट नेमकी उलटी होती. जयवंता हेर होती, पण ठाणेदाराची नव्हे, चळवळीची. बंगल्यात पाऊल टाकायची तिला बंदी, पण खिडकीखालचं अंगण तिच्याच हातचं. अंगण झाडणाऱ्या महारणीपुढे आवाज खाली करावा असं ना ठाणेदाराला वाटे, ना त्याच्याकडे येणाऱ्या खबऱ्यांना. कुठं छापा पडणार, कोणावर पाळत आहे, ती सारं ऐके आणि आठवडी बाजारात कांदे निवडता निवडता विकणाऱ्याच्या कानावर घाली. तो कांदेवाला म्हणजे पुलगावच्या मालगुजाराचा मुलगा अच्युतराव, वेष पालटून हिंडणारा. एकदा तिची बातमी वेळेवर पोचली म्हणून तो लपला होता त्या कापसाच्या जिनिंगमधून निसटला, नाहीतर गोळीच लागायची.

"वेळ आली की मी सगळ्यांना सांगीन," तो तेव्हा म्हणाला होता. स्वराज्य आलं, त्याच्या गळ्यात हार पडले, पण ती वेळ काही आली नाही. जयवंतानंही आठवण करून दिली नाही. आपण मागायला जावं आणि त्यानं ओळखच दाखवली नाही, तर मग आपल्यापाशी काय उरणार, अशी तिला धास्ती वाटे.

छप्पन साली भादवा सरत आला होता. जयवंता कपाशीत निंदत होती, तेव्हा शेताच्या धुऱ्यापाशी, बांधाला लागून, जीप थांबली. खादीचा कुरता सावरत अच्युतराव उतरला. केस पिकले होते, अंग सुटलं होतं.

"ओळखलं का, जयवंता?"

"तुमाले कोण नाई ओळखत, भाऊ?"

तो इकडेतिकडे बघून जवळ आला. "तुमच्या वस्तीतला प्रेमदास पोरं गोळा करून राह्यला. दसऱ्याले नागपूरला जायचं म्हणतात, बौद्ध धर्म घ्यायला. निवडणूक तोंडावर आली. लोक असे फुटले तर कसं होणार? कोण कोण चाललं, कधी चाललं, मला सगळं समजलं पाहिजे. तुझ्यासारखे कान दुसऱ्या कोणाचे नाहीत."

"मी म्हातारी झाली, भाऊ. ते काम सोडून जमाना झाला."

"दसऱ्याच्या सभेत मी तुझं नाव घेतो," तो म्हणाला. "बेचाळीसची खरी हकीकत, सगळ्यांपुढे. झाडलोट करायला म्हणून माझ्या बंगल्यावर येत जा. कोणाला संशय येणार नाही."

जीप गेली तरी जयवंता विळा हातात धरून तशीच उभी होती. इतकी वर्षं विहिरीवर आपण गेलो की बायकांचं बोलणं बंद व्हायचं. शेजारची शोभाबाई तर तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसे. एका भाषणानं हे सगळं संपणार होतं. दुसऱ्याच दिवशी ती पुलगावला गेली आणि अच्युतरावाच्या अंगणात खराटा घेऊन उभी राहिली.

सुरुवातीला तिनं खरंच ऐकलं आणि खरंच सांगितलं. प्रेमदास पुलगावच्या गिरणीत सूतखात्यात होता. पाळी सुटली की तिच्या घरासमोरच्या निंबाखाली माणसं जमवी. जयवंता आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसे. दीक्षेसाठी पांढरं कापड कोणी आणलं, पुलगावच्या स्टेशनावरून कोणत्या गाडीनं जायचं, सगळं तिच्या कानी येई. जुनी सवय अंगात पुन्हा जागी झाली आणि, खरं सांगायचं तर, तिला ते आवडलंही.

एकदा निंबाखाली शोभाबाईनं विचारलं, "काय रे प्रेमदास, दीक्षा घेतली म्हणजे मागचं सारं पुसलं जाते का?"

"हाव. नवा जन्म म्हणून जगायचं. कोणी वर नाई, कोणी खाली नाई. बाबासाहेबच सांगून राह्यले."

जयवंताचा तांदळातला हात थांबला. ही गोष्ट तिनं अच्युतरावाला सांगितली नाही. कापडाची, गाडीची बातमी दिली, पण एवढं वाक्य स्वतःपाशी ठेवलं.

दसरा आठवड्यावर आला असताना ती बंगल्याचं अंगण झाडत होती. आत अच्युतराव आणि त्याचा दिवाणजी बोलत होते. खिडकी सताड उघडी होती.

"आदल्या दिवशी सगळे स्टेशनावर येतील," अच्युतराव म्हणाला. "त्याच सकाळी तू फिर्याद दे. आपल्या कोठ्यातला कापूस प्रेमदासनं चोरला म्हण. दोन पोती त्याच्या घरामागं आधीच टाकून ठेव. त्याला गाडीत चढतानाच धरलं की बाकीचे भिऊन घरी जातात."

"बाहेर कोणी आहे का?" दिवाणजीनं विचारलं.

"कोणी नाही. झाडणारी आहे."

जयवंतानं खराटा थांबू दिला नाही. बेचाळीस साली ठाणेदाराच्या खिडकीखाली काय घडत होतं हे या माणसाइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि आज तोच म्हणत होता, कोणी नाही.

ती थेट गिरणीच्या फाटकाशी गेली. प्रेमदास बाहेर पडताच तिनं त्याला बाजूला घेतलं आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. 

"तुले कसं ठाऊक हे?"

"त्याच्यासाठी तुमच्यावर पाळत ठेवून होती मी."

प्रेमदास रागानं मागे सरला. मग जयवंतानं बेचाळीसची हकीकत सांगितली, रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या, जशी घडली तशी.  प्रेमदासचा राग हळूहळू उतरला.

"अन् इतके वर्ष हे कोणाले सांगितलं नाई काऊन, काकी?"

"कोणी इचारलंच नाई, बाबा."

तो म्हणाला, "चाल आमच्यासंगं. आम्ही आधीच निघतो, पायी."

"मी गेली तर त्याले लगेच समजते. मी इथंच राह्यतो. गाडीनंच चालले म्हणून सांगतो त्याले."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, पहाट फुटता फुटता, वस्ती देवळी गावाच्या वाटेनं निघाली. पोरं कडेवर, भाकरी फडक्यात. वर्ध्याला नाहीतर पुढच्या एखाद्या स्टेशनावर गाडी धरायची होती. निघताना बायकांनी जयवंताच्या बंद दाराकडे पाहिलं आणि मान फिरवली. ठाणेवाली कशाला येते, असंच त्यांना वाटलं असणार. दाराआड उभी राहून जयवंतानं सगळ्यांची पावलं ऐकली. तिलाही जायचं होतं. तेवढं एक तिला फार जड गेलं.

ठरल्या दिवशी अच्युतरावाची माणसं आणि पोलीस फलाटावर वाट बघून परतले. दुपारी जीप महारवाड्यात आली.

"मला फसवलंस, जयवंता."

"हाव, भाऊ."

"ही तुझीच माणसं तुझ्यावर थुंकत होती. मी तुझं नाव चांगलं करून देणार होतो. आता मी जन्मात तोंड उघडणार नाही."

"नका उघडू," ती म्हणाली. "इंग्रजाच्या राज्यात खोटी फिर्याद करून पोट्टे धरत, म्हणून मी तुमच्यासाठी कान लावत होती. तुम्हीच म्हणत होते, हे बंद करायचं."

अच्युतराव जीपमध्ये बसला आणि निघून गेला. त्याच रात्री दिवाणजीनं प्रेमदासच्या घरामागची पोती उचलून नेली आणि फिर्याद मागं घेतली.

माणसं परतली ती पांढऱ्या कपड्यांत, उन्हानं करपलेली, पण आनंदात. प्रेमदासनं निंबाखाली सगळ्यांना बसवून जयवंताची हकीकत सांगितली. काहींना पटली, काहींना नाही. एवढ्या वर्षांचा समज एका बैठकीत जात नाही. शोभाबाई मात्र उठून जयवंताच्या ओट्यावर येऊन बसली. तिनं जयवंताच्या हातून पाणी मागून घेतलं.

"आमच्यापायी तुह्यी दीक्षा राहून गेली," ती म्हणाली. "आता तुले कोण देईल?"

"ज्यानं घेतली त्यानं दुसऱ्याले द्यायची, असं बाबासाहेबानंच सांगितलं हाये," मागून आलेला प्रेमदास म्हणाला.

तिथंच, उन्हं कलताना, जयवंता हात जोडून उभी राहिली. प्रेमदास पंचशीलातलं एकेक शील म्हणे आणि अर्थ सांगे. तिची जीभ त्या नव्या शब्दांना अडखळे. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. जयवंता थांबली.

"प्रेमदास, आधी इचारतो. अच्युतभाऊले गाडीचं सांगितलं ते खोटं होतं. अन् त्याच्या आधीची माझी सारी जिंदगी चोरून ऐकण्यात गेली. मग मले हे म्हणता येते का?"

प्रेमदासनं विचार केला. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं.

"आजपासून म्हणायचं, काकी."

जयवंतानं मान हलवली आणि चौथं शील म्हटलं, इतकं मोठ्यानं की पलीकडच्या घरातल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या.