हसणाऱ्या जोगिणी

वाऱ्यानं साहेबाची टोपी उडाली ती थेट मडमेच्या उघड्या छत्रीत जाऊन पडली, आणि मंजुळा इतक्या मोठ्यानं हसली की सुभद्रेनं तिच्या मांडीला चिमटा काढला.

"हळू गो. पलीकडं पुरुष बसलेत."

मधे कनात होती. मंजुळेनं तोंडावर पदर धरला, पण खांदे हलायचे थांबेनात. समोर पाणी मारून ताणलेल्या पांढऱ्या कापडावर तो साहेब आता गुडघे टेकून टोपी परत मागत होता, आणि मडम ती आपल्याच डोक्यावर चढवून मान वेळावत होती. गिरगावातल्या मैदानावर तंबू ठोकून हलती चित्रं दाखवतात, ही बातमी सुभद्रेनं गिरणीत ऐकली होती. दोघी एकाच खात्यात सूत गुंडाळायच्या. रविवारी जेवणं उरकली आणि लालबागेहून चालत निघाल्या. जाते कुठं, हे मंजुळेनं घरी सांगितलं नव्हतं.

कापड काळं झालं, पुन्हा उजळलं. आता कुठल्याशा मठाचं अंगण होतं. काळे पायघोळ झगे, डोकी पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधलेली, गळ्यात क्रूस, अशा काही जोगिणी एका बदकामागं धावत होत्या. बदक हुलकावण्या देत होतं. सगळ्यांत वयस्क जोगीण त्याच्यावर झेपावली आणि चिखलात फतकल मारून बसली. उठायचं सोडून ती तिथंच हसायला लागली, पोट धरधरून. बाकीच्या तिला उठवायला आल्या त्या तिच्यावरच कोसळल्या.

तंबूभर हशा उसळला. मंजुळेच्या तोंडावरचा पदर मात्र गळून खाली आला.

"हसतात ह्या?" तिनं विचारलं.

"का नाही हसणार? माणसंच ती."

मंजुळेनं पुन्हा कापडाकडं बघितलं आणि ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी वाहीपर्यंत. चिमटे काढून काढून सुभद्रा दमली.

चाळीतला कुणीतरी कनातीच्या पलीकडं असणार. कारण सोमवारी गिरणी सुटून मंजुळा घरी आली तेव्हा सज्जात चटया पसरलेल्या होत्या. तिचे चुलतसासरे महादेवतात्या भिंतीला टेकून बसले होते. गावाकडची चार जाणती माणसं आजूबाजूला होती. खोलीच्या उंबऱ्यावर सासू, राधाबाई, गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. गेल्या साली प्लेगात मुलगा गेला तेव्हापासून ती अशीच बसायची. चूल पेटवायची, पाणी भरायची, सून कामावर निघाली की भाकरी बांधून द्यायची. पण तिचा आवाज म्हणून कुणी ऐकला नव्हता.

"बस," तात्या म्हणाले.

मंजुळा उभीच राहिली.

"शिवाचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून. आणि त्याची बायको तंबूत बसून खिदळते. तेसुद्धा कुणाला बघून? त्या काळ्या झगेवाल्यांना! त्यांच्याच इस्पितळात गेला ना आपला पोर?"

इस्पितळात औषध पाजून मारतात, अशी तेव्हा शहरभर बोलवा होती. राधाबाईनं ती मनाशी घट्ट धरली होती. इस्पितळाचं नुसतं नाव काढलं तरी ती कानांवर हात ठेवायची. त्यामुळे सासूसुनांत ते बोलणं कधी झालंच नव्हतं.

"सासूचे पाय धर," तात्या म्हणाले, "आणि पुन्हा तिथं जाणार नाही म्हण. नाहीतर बोटीत बसवून गावाला माहेरी धाडतो. तिथं भावजयांच्या हाताखाली राहा, शेणगोठा कर. मुंबई विसरायची."

मंजुळेनं खांद्यावरचा भाकरीचा रिकामा फडका काढून कमरेला खोचला. उंबऱ्यापाशी जाऊन तिनं राधाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून ती तात्यांसमोर येऊन उभी राहिली.

"पाय धरले. रोज धरीन. पण जाणार नाही असं म्हणणार नाही. येत्या रविवारी मी जाणार आहे."

"तोंड बघा हिचं!" मागून कुणीतरी म्हणालं.

"तात्या, ह्यांना इस्पितळाच्या डोलीत घालून नेलं त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

चाळीत प्लेगाचा पहिला उंदीर मरून पडला त्याच संध्याकाळी तात्यांनी बोट पकडली होती. हे ठाऊक नसलेलं तिथं कुणी नव्हतं. बसलेल्यांतले निम्मे त्याच बोटीत होते.

"बोल लावत नाही मी," मंजुळा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ज्याला जमलं तो गेला. मी इस्पितळाच्या कुंपणापाशी उभी होते. आत सोडत नव्हते, पण बांबूच्या तट्ट्याच्या फटीतून ह्यांची खाट दिसायची. सगळ्या खाटांवर माणसं कण्हत होती. आणि त्या काळ्या झग्यातली एक ह्यांच्या उशाशी बसून होती. ओल्या फडक्यानं तोंड पुसत होती. काखेत गाठ आलेल्या माणसाला हात लावत होती, तात्या. आपल्यातलं कुणी लावलं असतं?"

मंजुळेनं खांद्यावरून घसरलेला पदर सावरला.

"तिच्या तोंडावर हसू सोडा, रंगसुद्धा नव्हता. मला वाटलं, ही बाई जन्मात कधी हसली नसेल. काल बघितलं. हसतात त्या. एवढं मरण बघून लोळून लोळून हसतात. मग मी हसले तर कुणाचं काय गेलं? ह्यांचं तर गेलं नाही. त्यांना माझं हसणं आवडायचं."

तात्यांनी घसा खाकरला. काहीतरी बोलायला ते पुढं वाकले, तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला. इतका बारीक आणि खरखरीत, की आधी कुणाला तो ओळखूच आला नाही.

"पाणी मागत होता का तो?"

मंजुळा वळली. राधाबाई तिच्याकडं बघत होती.

"मागत होते, आई."

"मग?"

"तिनं पाजलं."

"तांब्यानं?"

"चमच्यानं. थोडं थोडं. गळ्याखाली उतरेपर्यंत थांबायची."

राधाबाईनं मान हलवली. भिंतीला हात लावत ती उठली.

"आत ये," ती सुनेला म्हणाली. "चूल थंड पडलीय."

सासूच सुनेला आत घेऊन गेली म्हटल्यावर बाहेरच्यांनी चटया गुंडाळल्या. तात्या तेवढे बराच वेळ बसून होते.

रविवारी मंजुळा केस विंचरून निघाली, तर राधाबाई धुवट लुगडं नेसून दाराशी उभी. राधाबाईचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या वाटेत झाडाखाली, पारावर बसत बसत गेल्या.

तंबूत राधाबाई पुढं सरकून बसली. टोपीचा साहेब आला नि गेला, तिनं नुसतं बघितलं. जोगिणी आल्या तशी तिनं मंजुळेचं मनगट पकडलं.

"ही नव्हे ना ती?"

"नाही, आई. ह्या दूर विलायतेतल्या."

"पण अशीच?"

"अशीच."

म्हातारी जोगीण चिखलात बसली. तंबू खदखदला. त्या गदारोळात राधाबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि कापड काळं होईपर्यंत तसेच धरून ठेवले. मंजुळेखेरीज कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

पुढचं चित्र नवं होतं. एक छेलछबिला साहेब होडीतून एका पोरीला फिरवायला निघाला होता. तिला फूल द्यायला तो उभा राहिला, होडी डुचमळली आणि तो फुलासकट पाण्यात गेला. वर आला तेव्हा फूल त्याच्या दातांत होतं.

राधाबाईच्या घशातून आधी खोकल्यासारखा आवाज निघाला. मंजुळा घाबरून तिच्या पाठीवर हात फिरवायला गेली, तर म्हातारी हसत होती.

"तुझा सासरा," ती हुंदके दिल्यागत म्हणाली, "लग्नाच्या साली... खाडीत... मला मासा दाखवायला उभा राहिला!"

पुढं तिला बोलवेना. परतीच्या वाटेवर चिंचपोकळीपर्यंत ती तीच गोष्ट सांगत होती, आणि दर खेपेला मासा मोठा होत होता.

दिवेलागण झाली होती. सज्जात तात्या उभे होते. दोघींना जिना चढताना बघून त्यांचा चेहरा पडला.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्हीसुद्धा?"

राधाबाई थांबली. कमरेवर हात ठेवून तिनं दिराकडं नीट बघितलं. त्याला चार शब्द सुनावायचे म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तिला पुन्हा हसू फुटलं. चाळीची दारं पटापट उघडली. बायका दिवे घेऊन बाहेर आल्या. राधाबाई कठड्याला धरून हसतच होती, आणि मंजुळेला तिला आत न्यायची मुळीच घाई नव्हती.