बारा चाळीसची गाडी

बारा चाळीसची गाडी आमच्या स्टेशनवर थांबायची बंद झाली, याला रेल्वेवाले जबाबदार आहेतच. पण तितकीच माझी माणसं जबाबदार आहेत, आणि मीही. त्यामुळे कोणावर चिडायचं हा प्रश्न मला पडत नाही. मी सगळ्यांवरच चिडलेली आहे.

अमेरिकेतलं आमचं छोटं गाव श्रूजबरीपासून पंधरा मैलांवर. स्टेशन दीडशे वर्षांहून जुनं. इथे बुटांचा कारखाना होता, त्याच्यासाठी ते बांधलं. पहाटे दुधाचे कॅन चढायचे, दुपारी बुटांची खोकी. पुढे कारखाना गेला, पाठोपाठ प्रवासी गाड्या गेल्या, आणि दगडी इमारत एका दातांच्या डॉक्टरने घेतली. तिकीट खिडकी होती तिथे आता लोक आ करून बसतात. तीस वर्षांपूर्वी गावाने सह्या गोळा करून गाड्या परत आणल्या. त्यातल्या दोनशे सह्या मी दारोदार फिरून आणल्या होत्या. म्हणून तर गावच्या इतिहास मंडळाने स्टेशनची पुस्तिका लिहायचं काम मला दिलं. ‘सध्याच्या सोयी’ या प्रकरणाला अर्धं पान पुरलं. एक फलाट, एक शेड, एक बाक. शौचालय नाही. तिकीट गाडीतच कंडक्टर देतो. दुपारी एक गाडी वूस्टरला जाते, एक परत येते.

मला तेवढी पुरत होती. माझा नवरा कृष्णा वूस्टरच्या नर्सिंग होममध्ये आहे, स्टेशनपासून चार मिनिटांवर. स्ट्रोकनंतर त्याचं बोलणं गेलं, आणि तिथल्या कोणाच्याही हातून तो जेवत नाही, तोंड घट्ट मिटून घेतो. माझ्या हातून जेवतो. मऊ भात, तूप, वर मेतकूट. काचबिंदूमुळे मी ड्रायव्हिंग सोडलंय. बारा चाळीसला बसायचं, एक पाचला उतरायचं, सव्वाला पहिला घास. सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार मुलगी सावनी बोस्टनहून येऊन मला नेते.

सप्टेंबरात शेडमध्ये एक कागद लागला. ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे कंडक्टर माणसं मोजणार. दुपारच्या गाडीला रोज सरासरी तीन माणसंही चढली नाहीत, तर थांबा रद्द. आम्ही बरोब्बर तिघं होतो: मी, पोस्टातून रिटायर झालेला एक म्हातारा आणि हॉस्पिटलात साफसफाई करणारी एक बाई. दोन आठवडे आजारी पडायचं नाही, असं आम्ही एकमेकांना बजावलं.

मोजणीच्या पहिल्याच सोमवारी मी बाकावर बसले होते, तर समोर हिमानीची गाडी कचकन थांबली. हिमानी आमच्या भागातल्या मराठी मंडळाची अध्यक्ष. पुण्याची, आयटीतली, वय चाळीस, उत्साह विशीचा.

“काकू! तुम्ही अशा एकट्या, थंडीत? मला फोन नाही का करायचा? चला, मी ड्रॉप करते.”

“नको गं. गाडी येईलच आता.”

“असं कसं? बसा ना.”

“खरंच नको. मला गाडीनेच जायचंय, मोजणी चाललीय.”

“काकू, किती फॉर्मॅलिटी यार! मी घरूनच काम करतेय आज. मी काय परकी आहे का?”

इथे मी चुकले. आपल्याकडे ‘नको’ला काडीची किंमत नाही. पहिलं ‘नको’ रीतीचं, दुसरं संकोचाचं, आणि तिसऱ्यांदा म्हटलं की समोरचा दुखावतो. ताटावर आडवा हात धरला तरी जिलबी पडतेच. मी स्वतः जन्मभर लोकांना अशीच वाढत आले, मग मला कोण सोडणार? मी पिशवी उचलली आणि बसले. एका दिवसाने काय होतंय, अशी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळपर्यंत ‘अहिल्याकाकूंची राइड’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार. मंगळवार निमिष, बुधवार रेणू, करता करता सगळे दिवस भरले. मी लिहिलं, ‘कृपया नको. मोजणी आहे, मला रेल्वेनेच जायचं आहे.’ त्यावर अकरा बदाम आले, आणि निमिषने लिहिलं, ‘काकू, ओझं वाटून घेऊ नका.’ रोज बाराला दाराशी गाडी हजर. आणि तीस वर्षं औषधांच्या दुकानात भल्याभल्यांना सरळ केलेली मी मुकाट्याने बसत गेले. पोरं कामं टाकून आलेली, त्यांना परत कसं पाठवायचं? मला भीड पडली. त्या भिडेचा मला आजही संताप येतो.

जानेवारीत टाउन हॉलमध्ये सुनावणी झाली. मंडळाची चाळीस माणसं ‘आमची ट्रेन वाचवा’ असे फलक घेऊन हजर. चाळिसांतला एकही कधी त्या गाडीत बसलेला नव्हता. हिमानी माइकवर छान बोलली. आमचे ज्येष्ठ या गाडीवर अवलंबून आहेत म्हणाली. टाळ्या पडल्या. मग रेल्वेच्या माणसाने पडद्यावर आकडा दाखवला. दुपारची गाडी, कामाचे दहा दिवस, रोज दोन माणसं.

“दोनच?” हिमानी माझ्या कानाशी आली. “काकू, खोटं बोलतायत हे लोक.”

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि भर सभेत मराठीत ओरडले, “खोटं नाही! तिसरी मी होते! आणि मी तुमच्या गाड्यांत बसले होते!”

“काकू, आम्ही तर हेल्पच...”

“मी नको म्हटलं होतं. लिहूनसुद्धा दिलं होतं!”

“पण आम्हाला वाटलं, तुम्ही संकोचाने...”

“मोजणी म्हणजे काय, एवढं तरी एकाने विचारलंत?”

मग रेल्वेच्या माणसाला मी इंग्रजीत सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आम्ही गाडीत चढलेली माणसं मोजतो, चढायची इच्छा असलेली नाही. बरोबरच होतं त्याचं, आणि म्हणूनच जास्त चीड आली.

मार्चमध्ये थांबा गेला. गाडी अजून जाते, बारा चाळीसला, फलाटासमोरून धडधडत. राइडवाले एप्रिलपर्यंत टिकले. मग निमिषला कंपनीने ऑफिसात बोलावलं, रेणूच्या मुलाचं सॉकर सुरू झालं. ग्रुपवर ‘सॉरी काकू’ आणि जोडलेले हात. पाच दिवसांचे तीन झाले, तिनाचे दोन. फोनवरून टॅक्सी मागवावी तर आमच्या गावात ती पाऊण तास झुलवते आणि कॅन्सल होते. कृष्णाचं वजन अकरा पौंडांनी उतरलं. नर्सने पोटात नळी घालायचा विषय काढला.

मेमधल्या एका गुरुवारी हिमानीचा फोन आला. “काकू, आज माझी मीटिंग हलत नाहीये. सोमवारी नक्की नेते. चालेल ना?”

“नाही चालणार,” मी म्हणाले.

ती हसली. मी हसले नाही.

“हिमानी, तो कालपासून जेवलेला नाही. आत्ता ये.”

वीस मिनिटांत ती आली. नर्सिंग होमच्या दाराशी तिने नेहमीसारखी मला उतरवायला गाडी थांबवली.

“पार्क कर आणि आत ये,” मी म्हणाले.

कृष्णा खिडकीशी व्हीलचेअरमध्ये होता. समोरचा ट्रे तसाच, सूपवर साय धरलेली. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मी डबा उघडून भात कालवला आणि चमचा पुढे केला. त्याने तोंड उघडलं. दुसरा घास, तिसरा. तो घाईघाईने गिळत होता, मला त्याला हळू हळू म्हणावं लागत होतं. हिमानी दाराशीच उभी राहिली होती. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच आत आली होती.

“काकू,” ती म्हणाली, “तुम्ही रोज असं भरवत होता?”

“रोज,” मी पुढचा घास घेत म्हणाले. “गाडी होती तोवर.”