उजव्या जोड्याची झीज

जुनाटकाकांच्या घरी जेवायला गेलं की पाहुण्याची पंचाईत व्हायची. ताट लाकडाचं, पेला शिंगाचा, आणि चमचा असा की तो तोंडात नेमका कुठून घालावा ते कळू नये. कोणी भीत भीत विचारलंच, "काकू, स्टीलची भांडी नाहीत का हो?" तर काकू आतून ओरडायच्या, "आहेत की! पण ती चांगली आहेत, पाहुण्यांसाठी नाही काढत!" आणि आपल्याच विनोदावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

गंमत अशी की त्या घरातली निम्मी चीजवस्तू संग्रहालयाच्या वाटेवर असायची. काकांचा धंदाच तो. हजार-बाराशे वर्षांपूर्वी साध्यासुध्या माणसांच्या घरात जे असायचं ते हातानं जसंच्या तसं घडवून द्यायचं. मुकुट आणि तलवारी नव्हेत हं, त्यांचं कौतुक करायला दुसरे पुष्कळ आहेत. वाडगे, फण्या, सूत कातायच्या चात्या, सुया ठेवायच्या हाडाच्या नळ्या, जोडे. मातीतून निघालेल्या मूळ वस्तू हात लावला तर भुगा होतील अशा, म्हणून त्या तळघरात पेटीबंद राहायच्या आणि लोकांना हाताळायला मिळायच्या त्या काकांच्या. गल्लीनं त्यांचं नाव 'जुनाट' ठेवलं होतं आणि पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायचा.

आता नवी कोरी वस्तू जुनी दिसायची कशी? या धंद्यातले बाकीचे लोक ती चहाच्या पाण्यात बुडवतात, वाळूनं घासतात, कसलीकसली रसायनं फासतात. काकांना त्याचा भयंकर राग. "लबाडी आहे ती! झीज वापरानंच आली पाहिजे," असं म्हणून ते हातातली आरी टेबलावर आपटायचे. मग वापरायचं कोणी? तर काकूंनी. काका वस्तू घडवायचे आणि काकू ती झिजवायच्या. फणी वर्षभर केसांतून फिरवायची, वाडग्यात रोज जेवायचं, चातीवर सूत काढायचं. "लोकांच्या बायकांना नवीन वस्तू वापरायला मिळतात, मला जुन्या करायला मिळतात," असं त्या शेजारणींना सांगायच्या. पण वस्तू तयार झाली की तिच्यावरून हात फिरवताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता. काकांपेक्षा त्याच जास्त खूश असायच्या.

तर एकदा संग्रहालयातून मोठं काम आलं. एका दलदलीत एका बाईच्या नऊ वस्तू सापडल्या होत्या, त्या सगळ्यांच्या प्रतिकृती करायच्या. मुदत सव्वा वर्षाची. त्यात एक जोडा होता, पातळ तळाचा, वादीनं घोट्याला बांधायचा. डाव्या तळाची टाच बाहेरच्या बाजूनं पार खाल्लेली. काका तळघरात भिंग लावून तास-दीड तास त्याच्याकडे बघत बसले आणि घरी येऊन म्हणाले, "अगं, ही बाई लंगडत होती."

"बिचारी," काकू म्हणाल्या. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे आता मी लंगडायचं?"

"डावा पाय जरा बाहेर कलता टाकायचा. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय, आपण काही केलं तरी बोलतातच."

काकूंनी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवसापासून जोडे घालून लंगडायला लागल्या. अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. पहिले काही दिवस इस्त्रीवाला रोज विचारायचा, "काकू, पाय कसा आहे?" "पायाला काय धाड भरलीय? पगारी लंगडणं आहे हे!" काकू उत्तर द्यायच्या. हळूहळू सगळ्या गल्लीला ठाऊक झालं आणि मग कोणी विचारेनासं झालं.

दर शनिवारी सकाळी मोजणी. काका जोडे उलटे करून खिडकीशी बसायचे, कॅलिपर लावून तळाची जाडी सात ठिकाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे. काकू पाय दाबत समोर बसायच्या. पहिले चार महिने डावी टाच हळूहळू झिजत गेली, अगदी हवी तशी. उजवा जोडा मात्र अडून बसला होता. मूळच्या उजव्या जोड्याचा चवडा चांगलाच पातळ झालेला होता, आणि इथे काही केल्या तो झिजेना. काकांनी नाना तऱ्हा सांगून पाहिल्या. असा टाक, तसा टाक. काकूंना जमेना. "ती बाई कशी चालायची कुणास ठाऊक," म्हणत काकांनी नाद सोडला. डाव्यावर भागवू, असं ठरवलं.

आणि पाचव्या महिन्यात एका शनिवारी उजवा चवडा झिजायला लागला!

काकांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. पुढच्या शनिवारी आणखी, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी. जागा तीच, आकारही तोच. "अगं, तुला सापडलं! तुझं तुला कळलंय का, तू काय करतेस ते?" काका म्हणायचे. काकू म्हणायच्या, "सवय झाली आता." त्या आता दोन तासांनंतरही तशाच चालायच्या. स्वयंपाकघरात, अंगणात, दुकानात जातानाही. काका लोकांना सांगायचे, "हिच्यासारखी निष्ठा मी कुणात पाहिली नाही." आणि एकदा तर, काकू दारातून आत येत होत्या तेव्हा, त्यांनी टाळ्या वाजवल्या. अहो, खरोखर टाळ्या! "आज अगदी तीच बाई चालत आल्यासारखी वाटली!"

काकू भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या आणि हसल्या.

बाराव्या महिन्यात त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या, त्या उठल्याच नाहीत. डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं. नुसत्या पडण्यानं ते मोडत नसतं. आत गाठ होती आणि तिनं हाड पोखरलं होतं.

"कधीपासून लंगडताहेत या?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर्ष झालं," काका म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. "वर्ष? आणि आज आणताय?"

"तसं नाही हो. ते कामाचं लंगडणं होतं."

"कामाचं म्हणजे?"

काकांनी जोडे, टाच, संग्रहालय असं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काय आलं ते काकांना बघवेना, ते खाली बघून बोलत राहिले. शेवटी डॉक्टरांनी काकूंनाच विचारलं, "ताई, खरं दुखायला कधी लागलं?"

"झाला असेल महिना," काकू म्हणाल्या.

बाहेर आल्यावर डॉक्टर काकांना म्हणाले, "चालल्यानं हे होत नाही, तो विचार डोक्यातून काढा. सहा-सात महिने आधी सापडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण दुखायलाच महिना झालाय म्हणता, मग कोण काय करणार?"

त्यानंतर तीन महिन्यांनी काकू गेल्या. दुसऱ्या गावी नोकरी करणारी लेक रजा टाकून आली होती, ती बापाजवळच राहिली. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा, कुणाला कळणार होतं? काकाही मान हलवायचे. एकच महिना दुखत होतं, एका महिन्यात कुणाला काय कळणार! रोज उठून ते हे स्वतःला सांगायचे तेव्हा कुठे त्यांना तोंड धुवायला उठता यायचं. तेवढं खोटं ठरलं असतं तर जगायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं.

महिन्याभरानं संग्रहालयाच्या बाई आल्या. फोनवर चार वेळा माफी मागून आल्या होत्या. दालन उघडायची तारीख ठरली होती आणि जोड्यांवाचून अडलं होतं. बरोबर मूळ जोड्याचा खास करून घेतलेला साचा होता, ताडून बघायला. बाईंनी काकूंचे जोडे हातमोजे घालून उचलले, साच्याशेजारी उलटे ठेवले आणि बघतच राहिल्या.

"डावा बरोबर येणार हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण उजवा? काका, उजव्याचं तुम्हाला कसं काय जमलं?"

"मला नाही जमलं. तिलाच जमलं."

"आमच्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांना मूळ जोड्याचे तळ दाखवले होते आम्ही. ते म्हणाले, डावी टाच अशी कशानंही झिजेल, चालीच्या खोडीनं, आखूड पायानं. पण उजवा चवडा असा तेव्हाच झिजतो, जेव्हा डाव्या पायावर भार टाकवतच नाही. दुखतं म्हणून माणूस घाईघाईनं उजव्यावर येतं. ते म्हणाले, हे नाटकानं साधत नाही." बाई कौतुकानं बोलत होत्या, आपण काय बोलतोय ते त्यांच्या बिचाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "कधीपासून आली ही झीज? तुमची नोंदवही लागेलच मला, जोड्यांबरोबर ठेवायची आहे."

काका उठले आणि फळीवरून वही काढून खिडकीशी बसले. पानं उलटताना त्यांचा हात संथ होता. मग तो थांबला.

पाचवा महिना, दुसरा शनिवार. त्यांच्याच रेखीव अक्षरात लिहिलं होतं: 'उजवा चवडा झिजू लागला. उत्तम.'

काकांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. त्या शनिवारापासून काकू पडल्या तिथपर्यंत सात महिने होत होते. त्यांनी खिडकीचा गज धरला. सात महिने त्यांच्या मांडीवर, त्यांच्या डोळ्यांसमोर, मिलिमीटरमध्ये मोजून ठेवलेलं होतं ते. अख्ख्या जगात तळ वाचता येणारी माणसं ती किती, आणि त्यातला एक तिचा नवरा होता.

"महिना नव्हता," ते म्हणाले. "सात महिने दुखत होतं तिला. मला दिसत होतं. मी लिहून ठेवलंय."

बाईंना आता कळलं. त्यांनी तोंडावर हात धरला.

लेक चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "तिनं मला सांगितलं होतं."

"काय?"

"फोनवर. उन्हाळ्यात. म्हणाली, मांडीत फार कळ येते. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तर म्हणाली, आता नको, जोडे जुळायला लागलेत. पाय बरा झाला तर चाल बदलेल आणि यांच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल. म्हणाली, इतक्या वर्षांत मी यांना इतकं खूश पाहिलं नाही गं. जोडे झाले की जाते."

"आणि तू गप्प बसलीस?" काकांचा आवाज चढला. "एक फोन करता आला नाही तुला? एक?"

"तिनं शपथ घातली होती. आणि मला वाटलं, असेल गुडघ्याबिडघ्याचं. मला काय माहीत, बाबा..."

काका तिच्याकडे बघत राहिले. राग आला तसा गेला. कुणावर रागवायचं होतं त्यांना? टाळ्या तर त्यांनी वाजवल्या होत्या.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, जोडे राहू द्यात तुमच्याकडे. मी काहीतरी कारण सांगेन."

"नको, न्या. तिनं पुरे केलेत ते." काकांनी कानावरची पेन्सिल काढली. "वही मात्र अशी देता येणार नाही. नोंद चुकीची आहे."

"असू द्या हो, चालेल आम्हाला."

"मला नाही चालणार. चुकीची नोंद मी कधी दिलेली नाही."

त्यांनी 'उत्तम' या शब्दावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'हिला दुखतंय.' पुढच्या शनिवारी 'उत्तम' होतं, तिथेही रेघ मारून लिहिलं, 'हिला दुखतंय.' त्याच्या पुढच्या शनिवारी 'फारच छान' होतं, तेही खोडलं. असे तीस शनिवार होते. बाई हातमोजे न काढता बसून राहिल्या, चहावर साय धरली, लेक बापाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. काका एकेक पान उलटत होते.

बाराव्या-तेराव्या शनिवारी त्यांनी लिहिलं होतं: 'आज न सांगता दुप्पट चालली. शाबास.'

तिथे पेन्सिल टेकली आणि पुढे सरकेना. काकांनी दोनदा प्रयत्न केला. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि काकू गेल्यापासून न रडलेला तो म्हातारा, परक्या माणसासमोर, मोठ्यानं रडला. लेकीनं त्यांच्या हातातून पेन्सिल सोडवून घेतली, वाकली आणि ती रेघ तिनं मारली.