कृष्णरावांचा खरमोर

सरदारपूरकडच्या एका माळावर आपण खरमोर ऐकला, असं कृष्णराव छातीठोकपणे सांगत. पण धारमध्ये ते मानायला कुणी तयार नव्हतं. गवतातून टुणकन उडी मारून क्षणभर टर्रर्र करणारा तो पक्षी तिथं कित्येक वर्षांत दिसला नव्हता. "भिया, चष्म्यासारखा कानालाही नंबर लागतो," असं त्यांचे मित्र प्रतापराव चारचौघांत म्हणाले आणि सगळे खो खो हसले. जन्मभर वनखात्यात इमानानं नोकरी केलेल्या माणसाला ते फार लागलं. त्यांनी चहाच्या दुकानावर जाणंच सोडलं.

म्हणून त्यांची लेक अल्पना रविवारी देवासहून लॅपटॉप घेऊनच आली. तिथल्या कारखान्यात ती आवाजाची चित्रं काढून गिअरमधला दोष शोधते. चित्रात आडवी वेळ, उभा सूर, आणि आवाज मोठा तिथं रंग उजळ. तिच्या अण्णांनी, म्हणजे कृष्णरावांनी, माळावर बसून फोनमध्ये आवाज भरून आणला होता. त्यात वारा होता, ट्रॅक्टर होता. चित्रातही तेवढंच आलं.

"म्हणजे मी खोटा," अण्णा म्हणाले.

अल्पनानं चित्र पुन्हा नीट पाहिलं. मग तिला स्वतःचाच राग आला. आवाज तपासायला तिनं त्याचे तुकडे पाडले होते, तेही गिअरच्या सवयीनं लांबलचक. गिअर दिवसभर एकच सूर धरून बसतो, त्याला लांब तुकडा बरा. पण क्षणभराची टर्रर्र त्यात विरून जाते, हंडाभर पाण्यात चिमूटभर मिठासारखी. नेमका सूर आणि नेमकी वेळ, दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत. तिनं सुराचा नाद सोडला आणि तुकडे बारीक केले.

पडद्यावर एक उभी रेघ उमटली. मग दुसरी. मग रांगच लागली.

"अण्णा, हा बघा तुमचा खरमोर."

अण्णा नुसते चष्मा पुसत राहिले. अल्पनाला इतका आनंद झाला की तिनं आईला स्वयंपाकघरातून ओढतच आणलं. तेवढ्यात तिला ठळक रेघांमागे फिकट रेघा दिसल्या, कधी जवळ, कधी लांब. प्रतिध्वनी असता तर अंतर सारखं राहिलं असतं.

"दोन आहेत, अण्णा. दुसरा लांबून उत्तर देतोय."

"बोलवा आता त्या प्रतापरावांना," आई म्हणाली. "मी पोहे टाकते."

अण्णांनी लगेच फोन लावला.

"क्यों भिया, मिला क्या तुझा खरमोर?"

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं. उद्या त्या माळावर जीपा येतील, कॅमेरे येतील, अख्खं धार लोटेल.

"नाही रे," ते म्हणाले, "टिटवी निघाली."

पलीकडे प्रतापराव इतके हसले की खोलीभर ऐकू आलं. आणि अण्णाही त्यांच्याबरोबर हसले, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.