बारा वर्षांची हमी

बॉयलर बंद पडला मंगळवारी आणि बुधवारी माझा मुलगा नायजेल अक्कल शिकवायला हजर झाला. सोबत बायको, लोरेन. तिनं येताना दुकानातला केक आणला होता, 'आज संपवा, अर्धी किंमत' हे लेबल तसंच ठेवून.

बॉयलर म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या कपाटातलं ते गॅसचं धूड. घर उबदार ठेवायचं, नळाला गरम पाणी पुरवायचं, सगळं तेच करायचं. सत्तावीस वर्षं केलं बिचाऱ्यानं. माझा नवरा विल्फ गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुरकुरणारं तेच एक होतं. गॅसवाला आला, त्यावर 'धोका, वापरू नका' अशी लाल चिठ्ठी चिकटवली आणि निघून गेला. इंग्लंडच्या उत्तरेला, आमच्या ॲक्रिंग्टनमध्ये नोव्हेंबरात बॉयलरशिवाय राहून बघा, मग कळेल. मी दोन स्वेटर घालून, वर विल्फचा गाऊन चढवून विजेच्या हीटरसमोर बसले होते.

"आई, घाई करायची नाही," नायजेल म्हणाला. अंगावरचा जाडजूड कोट काही त्यानं काढला नाही. "तीन ठिकाणचे भाव काढायचे. म्हाताऱ्या माणसांना लुटतात हे लोक."

"तू आहेस ना माझा," मी म्हटलं, "मग बाहेरचे कशाला लागतात?"

त्याला वाटलं मी कौतुक केलं. मान डोलावली त्यानं! पार्किंग खात्यात तीस वर्षं लोकांना दंड ठोकून लवकर निवृत्त झालेला माणूस आहे हा. टोमणा कपाळावर आपटला तरी त्याला कळत नाही. अर्धे पैसे मी देईन म्हणाला होता, आणि तेवढ्यावर पूर्ण बोलायचा हक्क त्यानं स्वतःकडे घेतला होता.

पहिला माणूस येतो म्हणाला आणि आलाच नाही. दुसऱ्यानं मोबाइलवर फोटो मागवला आणि असा भाव कळवला की जणू मी राजवाड्यात राहते. तिसरा क्रेग. हा शुक्रवारी खरोखरच आला. टोकदार बूट, त्यांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि अत्तर एवढं की माझा चहा बेचव झाला.

"कशा आहात, थेल्मा आजी?"

"तुझी आजी असते तर तुला आधी आंघोळीचं पाणी कमी आणि अत्तर जास्त का, ते विचारलं असतं."

हसला. असल्यांना हसायचा पगार मिळतो. त्यानं नळ मोजले, खोल्या मोजल्या, खिडक्या ठोकून पाहिल्या, आणि मग टॅबलेटवर एका बॉयलरचं चित्र दाखवलं. हा घ्या म्हणे, दोन न्हाणीघरांत एकाच वेळी शॉवर चालतील.

"न्हाणीघर एकच आहे," मी म्हटलं. "आणि त्यात मी एकटीच असते. दुसऱ्या शॉवरखाली कोण, तू?"

नायजेल लाजला. लोरेन बुधवारचाच केक कापत होती, तिनं सुरी थांबवली. क्रेगनं निमूटपणे लहान बॉयलर काढला. बरोबर तो, मला तेवढाच हवा होता. मला वाटलं संपलं आता. पण त्यानं पेन टेकवलं आणि गोड आवाजात विचारलं, "आणि या घरात अजून किती वर्षं राहायचा विचार आहे?"

मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"म्हणजे हमीसाठी विचारतोय," क्रेग घाईनं म्हणाला. "यंत्र साधारण सारखंच. दोन वर्षांची हमी घेतलीत तर बावीसशे पौंड, सात वर्षांची सत्तावीसशे, बारा वर्षांची पस्तीसशे पन्नास. तेवढ्या काळात काही बिघडलं तर आम्ही फुकट येतो. सगळ्यांनाच विचारावं लागतं हो."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याआधी नायजेल बोलला.

"पाच धरा."

"पाच?" लोरेन म्हणाली. "नायजेल, जरा खरं बघ ना. गेल्या हिवाळ्यातलं ते छातीचं विसरलास का? तीन म्हण."

"तीन फारच कमी वाटतात गं. चार?"

"चारची हमी नसते, सर," क्रेग म्हणाला. "दोन, सात, बारा."

"सात म्हणजे तर उगीचच!" लोरेन म्हणाली.

बाजारात उरलेले मासे संध्याकाळी कसे स्वस्तात मागतात, तसं चाललं होतं त्यांचं, आणि मी समोर बसलेली. हातात किटली. माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच आयुष्याची घासाघीस, आणि चहा मीच ओतून द्यायचा!

"मी मेले नाही अजून," मी म्हटलं. "इथेच बसलेय."

"तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं, थेल्मा," लोरेन म्हणाली.

"मनाला लावून घेऊ नकोस, आई," नायजेल म्हणाला. "नुसता व्यवहार आहे हा. जे वापरायचंच नाही त्याचे पैसे कशाला मोजायचे? आणि पुढे घर विकताना घेणारा तसाही सगळं उपटून टाकतो."

लोरेननं त्याला टेबलाखालून लाथ मारली. मला दिसलं. बावळट माणूस, 'आई गं' म्हणून पाय चोळत बसला.

मग क्रेगनं दुसरं नाटक केलं. साहेबांना विचारून काही कमी होतंय का बघतो म्हणे. कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन कानाला लावला. माझे कान गेलेत, डोळे नाही गेले. फोनचा पडदा काळाकुट्ट होता. बंद फोनशी तो दोन मिनिटं अजिजीनं बोलला, आणि परत येऊन म्हणाला, "फक्त आजींसाठी, दोन वर्षांच्या हमीवर दोनशे कमी."

नायजेलचा चेहरा असा फुलला की लॉटरी लागली! "झालं तर मग. दोन वर्षांचीच घेऊ."

पाचवरून तीन, तीनवरून दोन. मला उत्तर द्यायलाच मिळालं नाही. मी एवढंच म्हटलं की सोमवारपर्यंत विचार करते. "कर की," नायजेल म्हणाला, "पण त्यात विचार करण्यासारखं आहेच काय?" आणि उरलेला केक डब्यात भरून ते घरी घेऊन गेले. माझ्यासाठी आणलेला.

दोन दिवस मी त्या हीटरसमोर धुमसत बसले. सोमवारी सकाळी चांगला कोट घातला, ओठांना लिपस्टिक लावली आणि बसनं गावात गेले. अंत्यविधीवाल्या एकर्सलीच्या दुकानात. विल्फ गेला तेव्हा मी त्याच्याकडे स्वतःच्या अंत्यविधीचेही पैसे भरून ठेवले होते. शवपेटी, दोन काळ्या मोटारी, नंतर चर्चच्या सभागृहात चाळीस माणसांना चहा आणि हॅमचे सँडविच. नायजेलला त्रास नको म्हणून. काय मूर्ख बाई होते मी!

"रद्द करायचंय?" एकर्सलीनं काळा टाय सारखा केला. "असं सहसा कोणी करत नाही, मिसेस हॅलिवेल."

"कसं करतील? तुझं गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलंय का कधी?"

त्याला हसू आलं, पण धंद्यामुळे त्यानं ते दाबलं. त्यांचा खर्च कापून तीन हजार शंभर परत मिळतील म्हणाला. घरी आल्या आल्या क्रेगला फोन लावला.

"बारा वर्षांची हमी," मी म्हटलं. "आणि तुझ्या साहेबाला परत विचार. या वेळी फोन चालू करून विचार."

तो नुसता खाकरला. मग म्हणाला, "दीडशे कमी करतो, थेल्माबाई." आजी गळून पडली, बाई झाली. उरलेले तीनशे मी टपालाच्या बचतीतून काढले. नायजेलचा एक पैसाही घेतला नाही.

गुरुवारी बॉयलर बसला. शनिवारी नवरा-बायको आले, आणि आल्या आल्या दोघांनाही कोट काढावे लागले.

"अगं, पण बारा?" नायजेल कपाटासमोर उभा राहून म्हणाला. "एवढे पैसे आणलेस कुठून?"

मी सांगितलं. लोरेन मटकन खुर्चीत बसली.

"पण ते तर भरलेले होते ना!"

"होतेच की. आता ते भिंतीवर टांगलेत. हात लावून बघ, गरम लागतील."

मला वाटलं, आता तरी नायजेल विचारेल की आई, तुला आमचं काही लागलं का? एवढा तर माझा मुलगा आहे. त्यानं दोनदा ओठ ओले केले.

"मग अंत्यविधीचं काय? मोटारी, चहा, चाळीस माणसं... तो खर्च कोणी करायचा?"

"माणसं चाळीस उरली नाहीत रे, बरीचशी माझ्या आधीच गेली. आणि मला त्याची घाई नाही. तुला असेल तर पैसे तू भर."

चहा अर्धा टाकून निघून गेले दोघं. मी दार लावलं, खुर्ची बॉयलरजवळ ओढली आणि रडले. बारा वर्षं मला नकोत हो. ब्याऐंशीची आहे मी, जिना चढताना गुडघे रडवतात. चौऱ्याण्णव वर्षांची होऊन करायचंय काय? पण त्या शुक्रवारी त्या टेबलाशी पाच झालं, तीन झालं, दोन झालं. माझ्या पोटच्या पोरानं एकदा तरी बारा म्हणायचं होतं. खोटं का होईना. म्हणायला काय पैसे पडत होते?