मायाक्काचा शिंपला

मित्रांनो, मी एक जुना शिंपला आहे. मोती शोधायला वाकू नका, माझ्या पोटात नुसती वाळू निघायची. सोलापुरात भवानी पेठेच्या खालच्या ओढ्यात आमची वस्ती होती. चाळीस-पन्नास शिंपले, चिखलात खेटून रुतलेले. त्यात वांड मीच. धुणं धुताना कुणाचा पदर पाण्यात आला की मी गपकन धरायचो. गोजाबाई एकदा लई वेळ स्वतःच्याच पदराशी भांडत बसली होती.

पण आमची खरी इज्जत केली ती मायाक्कानं. मेंढरं राखणारी म्हातारी. घागर बुडवायच्या आधी ती वाकून आम्हाला बघायची. तोंडं उघडी तर पाणी चांगलं. मिटलेली तर रिकामी घागर घेऊन माघारी.

गोजाबाई हसायची. "शिंपल्याला इचारून पानी भरतीस व्हय गं?"

"तोंड उगडून खोटं न्हाय बोलत ते, तुज्यावानी."

एकोणीसशे एकतीस साली ओढ्याच्या वरच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना निघाला. एका सकाळी पाणी जांभळं आलं. आम्ही तोंडं मिटली. मायाक्का दोन दिवस लांबच्या विहिरीवर गेली. तिसऱ्या दिवशी रंग गेला, पाणी नितळ दिसायला लागलं. पण अंगाला तसंच झोंबत होतं. मिटल्या तोंडी दम किती धरणार? शेजारचे एकेक करून मेले. आणि मित्रांनो, शिंपला मेला की त्याचं तोंड आपोआप उघडतं.

उरलो मी. एकानं तरी मिटून राहावं म्हणून सगळा जीव लावला. मायाक्काची सावली पाण्यावर पडली आणि नेमकी तेव्हाच माझी पकड सुटली.

"उगडली की समद्यांनी," ती म्हणाली. घागर बुडबुडली.

दोन दिवसांनी ती परत आली, मला उचललं, राखेनं घासून धुतलं. तिचा दीड वर्षाचा नातू, श्रीमंत नावाचा; ते पाणी प्यायल्यापासून त्याच्या पोटात काही ठरत नव्हतं. आता माझ्यातूनच त्याला काढा पाजतात.

"पानी चांगलं हुतं गं," मायाक्का गोजाबाईला सारखं सांगते. "शिंपल्यांनी सांगितलं की."

गोजाबाई लेकराचं अंग पुसत राहते. माझं तोंड तर कायमचं उघडं आहे.

मित्रांनो, उघडा शिंपला दिसला तर नुसतं बघू नका, काडीनं डिवचा. जिता असला तर मिटेल. नाही मिटला तर घागर भरू नका, आणि वर जाऊन बघा, पाण्यात कोण काय सोडतंय.

मायाक्कानं त्याच ओढ्याच्या पाण्याच्या काढ्यानं मला पुन्हा भरलंय. "घे की लेकरा, येवढंच."

श्रीमंतचे ओठ मिटलेले आहेत.