कानाला खूण केलेले शब्द

पेटीत एक काळी घोंगडी होती, दोन पेन्सिली होत्या, त्यातली एक बोटाच्या पेराएवढी झिजलेली, लोकर कातरायची एक कातर होती आणि कागदाच्या एकशे शहाऐंशी चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठ्या मालाच्या जुन्या लेबलांच्या पाठीवर लिहिलेल्या आणि लोकरीच्या धाग्यानं बांधलेल्या. जुड्या एकोणीस. अठरा जुड्यांत दहा-दहा आणि शेवटच्या जुडीत सहा. दिनकररावांनी त्या दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

येडबा खलाशी दारात उभा होता. पेटी भुजंगाची होती आणि ती हापिसात आणून उघडून बघा, असं सुचवणारा येडबाच होता.

"बगा बाबूजी, लबाडी हाय म्हून म्या म्हनलं न्हवतं?"

दिनकरराव पूर्णा जंक्शनच्या मालधक्क्यावर कारकून होते. दर रविवारी दुपारी ते खलाशांना, म्हणजे रेल्वेच्या मजुरांना, लिंबाखाली बसवून इंग्रजी शिकवायचे. धक्क्यावर नंबर टेकरची एक जागा निघाली होती. नंबर टेकरनं मालाच्या डब्यांचे नंबर आणि त्यांवरची इंग्रजी लेबलं टिपून घ्यायची असतात. दोनशे शब्दांची छापील यादी होती. तिच्यातले कुठलेही पंचवीस शब्द विचारायचे, वीस बरोबर आले तर दिनकररावांनी दस्तखत करायचं. कागद उद्याच्या डाकेनं जायचा होता. उमेदवार दोन, येडबा आणि भुजंग; ज्याला जास्त पडतील त्याला जागा. येडबाच्या इम्तेहानाचा कागद तयार होता. त्याला बरोबर वीस पडले होते.

भुजंग वालूरकडचा मेंढपाळ. दोन वर्षांमागं रोगानं कळप बसला, तेव्हा तो रुळांवर खडी टाकायच्या कामाला लागला. काम हंगामी होतं आणि महिनाअखेर संपत होतं. परत जायला मागं मेंढरं उरली नव्हती. ही जागा मिळाली तरच चूल पेटणार होती. हे दिनकररावांना ठाऊक होतं. म्हणूनच शंका अधिक होती. गरजवंत माणूस काय करील याचा भरवसा नाही. तीन महिन्यांपूर्वी त्याला पंचवीसपैकी सात पडत. गेले तीन रविवार पंचवीसपैकी पंचवीस. इतके तर शाळेत असताना दिनकररावांनाही कधी पडले नव्हते.

त्यांनी एक चिठ्ठी उजेडात धरली. डावा कोपरा तिरपा कातरलेला. दुसरीचा उजवा कोपरा कातरलेला. तिसरीला मधोमध खाच. डोळे मिटून बोट फिरवलं तर तिन्ही वेगळ्या कळत होत्या. दिवाळीच्या जुगारात खुणेचे पत्ते त्यांनी पाहिले होते. आणि नवल म्हणजे एकाही चिठ्ठीवर शब्दाचा अर्थ नव्हता. अर्थच लिहिलेला नाही, मग हा पाठ काय करतो?

त्यांनी भुजंगाला बोलावलं. त्यानं आधी उघडी पेटी पाहिली, मग येडबाला, आणि मान खाली घातली.

"भुजंगा, किती शब्द झाले तुझे?"

"असतील की बाबूजी. पन्नासएक."

"पन्नास?"

"तेबी न्हाईत बगा. चाळीस धरा."

येडबा खदखदून हसला. "अजून एकदा इचारा, वीसवर यील!"

"एकशे शहाऐंशी आहेत," दिनकरराव म्हणाले. "मी स्वतः मोजल्यात."

भुजंगाचं तोंड उतरलं. "मोजल्या? मोठ्यानं?"

चोरी सापडल्यावर माणूस हे विचारत नाही, असं क्षणभर दिनकररावांना वाटलं. पण सराईत माणूस मुद्दाम विचारीलही, असं लगेच पुढच्या क्षणी वाटलं.

तेवढ्यात भाकरी घेऊन भुजंगाची बायको म्हाळसाबाई आली. काय चाललंय ते तिनं उंबऱ्याबाहेरूनच ऐकलं होतं.

"अगं बया! आकडा बोलून दावला व्हय? बाबूजी, कळपाचा आकडा कुनी सांगतंय का? माजा सासरा पाटलाला बी खरा सांगत न्हवता. शंभर असली तर साठ म्हनायचा. नजर लागती."

"बाई, मी मेंढरांचं विचारत नाही. शब्दांचं विचारतोय."

"मंग? ह्यांना दुसरं काय राकता येतंय?"

दिनकररावांनी चिठ्ठी पुढं केली. "आणि हे कोपरे?"

"कानाला खून हाय जी," भुजंग म्हणाला. "मेंढराचा कान कातरत्यात तशी. डावा कान म्हंजी वस्तू. उजवा म्हंजी काम, जसं जानं, येनं, भरनं. खाच हाय ती गाभनी. तिच्या पोटात कोकरं हायत."

"कोकरं?"

"कॉटन बगा. कापूस. पोटात कॉट, म्हंजी खाट. टन हाय. टू हाय, ऑन हाय. एका कापसात चार कोकरं."

दिनकररावांनी टेबलावर कॉटनची अक्षरं मांडून पाहिली. खाट निघाली, टन निघाला, उरलेले दोन्ही निघाले. कापसाच्या गठड्यांवर हा शब्द ते नऊ वर्षं लिहीत होते.

"अर्थ का लिहीत नाहीस?"

"लिवला तर मेंढरू वळकायचं कशाला? त्येच्या तोंडावरून वळकावं." मग तो जरा मोकळा झाला. "सकाळी कामाला निगताना एक जुडी बाहीर काडतो. तारंच्या एकेका खांबाला एक शब्द सोडतो. पुडला खांब येस्तोर त्योच घोकायचा. सांजच्याला परततानी त्याच खांबाला त्याला हाक मारायची. आला तर कळपात. न्हाई आला तर दुसऱ्या दिशी समद्यात आदी त्योच हुडकायचा."

"रोज?"

"मेंढरं काय एकाआड एक दिस चारत्यात जी?"

येडबाला हे आवडलं नाही. "बाबूजी, गोष्टी सांगायलाय त्यो. लय पोचलेला हाय."

दिनकररावांनाही तसंच वाटत होतं. ज्याला एवढी युक्ती सुचते, त्याला लबाडीही एवढीच चांगली सुचेल. रविवारचे शब्द ते यादीतून ओळीनं विचारत, हेही त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. ती खोड कुणीही हेरली असती.

त्यांनी पेटी बंद करून कुलूप लावलं. दोनशे शब्द कोऱ्या कागदावर लिहिले, हापिसच्या कातरीनं पट्टी लावून सारखे चौकोन कापले आणि टोपीत टाकले. या कामाला दुपार गेली. मग म्हाळसाबाईला लिंबाखाली पाठमोरं बसवलं.

"मला एबीसीतलं काय बी येत न्हाई, तरी पाटमोरी?" ती म्हणाली.

"तरी पाठमोरी."

भुजंगाला बाह्या वर करायला लावून हात डोक्यावर ठेवायला सांगितले. चिठ्ठी काढायला येडबाला उभं केलं. भुजंगाला मदत न करण्यात ज्याचा फायदा, असा धक्क्यावर तोच एक होता.

येडबानं टोपीत तळापर्यंत हात घालून चिठ्ठी काढली आणि हातभर लांब धरली. भुजंगानं वाचलं, "पेरिशेबल. नासनारा माल."

"नासका म्हन की!"

"फरक हाय. नासका फेकायचा. नासनारा आदी पाटवायचा."

दिनकररावांनी रेघ ओढली. पुढं डब्बा, दोर, वजन, गळका, रिकामा असे शब्द निघत गेले. दहाव्या चिठ्ठीला भुजंग थांबला. 'कन्साइनी', म्हणजे माल ज्याच्या नावे येतो तो, हा शब्द त्यानं नीट वाचला, पण अर्थ येईना. तो रुळांकडं, लांबच्या खांबांकडं बघत राहिला.

"हे परत आलं न्हाई जी."

येडबा हसला. दिनकररावांनी फुली मारली. त्या फुलीनं त्यांना बरं वाटलं. खुणेच्या पत्त्यानं खेळणारा असा मधेच हरत नाही. पण लगेच दुसरी फुली पडली आणि अठराव्या चिठ्ठीला तिसरी. भुजंगाच्या कपाळावर घाम आला, हात मात्र डोक्यावरच होते. लिंबाखालच्या म्हाळसाबाईनं एकदाही मान वळवली नाही. उरलेल्या सात चिठ्ठ्या येडबानं एकेक करून, खाली-वर चाळवून काढल्या.

पंचवीस चिठ्ठ्यांना सतरा मिनिटं लागली. दिनकररावांनी रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि कागदावर लिहिलं: बरोबर बावीस, चूक तीन. खाली दस्तखत केलं.